वगळलेलं दीड पान

आमचे काका गणित करताना ओठ हलवतात आणि शेर रचताना बोटं. त्यामुळे ते नुसतेच खुर्चीत टेकलेले दिसले तरी आत काय चाललंय ते घरच्यांना बरोबर कळतं. ओठ हलत असले तर हाक मारायला हरकत नाही. उत्तर मिळतं, भलत्याच प्रश्नाचं मिळतं, पण मिळतं. बोटं मांडीवर चालायला लागली की मात्र घराला आग लागली तरी पाणी काकूंनीच ओतायचं.

"मला दोन सवती," काकू आल्यागेल्याला सांगतात. "एक आकडेवाली, एक शेरवाली. दोघी आपसात भांडल्या असत्या तर मला जरा वाव मिळाला असता. पण त्यांचं मेलं गूळपीठ!"

काका विद्यापीठात गणित शिकवतात. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली आहे. तिच्यात एक टेबल, एक फळा, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी, जी कडी तुटल्यापासून सुतळीनं बांधलेली असते. त्यांचा विषय जाळी.

"म्हणजे मासे धरायची?" मी लहानपणी विचारलं होतं.

"त्याहून सोपी. काही ठिपके घ्यायचे. त्यातले काही रेषांनी जोडायचे, काही नाही जोडायचे. झाली जाळी."

"मग?"

"मग त्यात आयुष्य घालवायचं."

उर्दू त्यांच्या आयुष्यात आलं ते मागच्या दारानं. सत्ताविसाव्या वर्षी आपल्या प्रबंधाच्या तीन प्रती बांधून घ्यायला ते छापखान्यामागच्या गल्लीत गेले. तिथे एका बोळकांडीवजा दुकानात खळीचा आंबूस वास, कापून पडलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा घोट्याएवढा ढीग, आणि त्या ढिगात मांडी घालून बसलेला एक बाइंडर. तो एका जुन्या दीवानाचे, म्हणजे गझलसंग्रहाचे, सुटे फर्मे शिवत होता आणि शिवता शिवता मोठ्यानं वाचत होता. टाका, ओळ. टाका, ओळ.

काका उभे राहिले ते राहिलेच.

"काय हवंय?"

"प्रबंध बांधायचाय. ते... आत्ता वाचलंत त्याचा अर्थ काय?"

"अर्थ कुठे पळून जात नाही. आधी ऐक. कुठे ताण बसतो, कुठे सैल सुटतं, ते ऐक." मग प्रबंधाची पानं चाळून बाइंडर म्हणाला, "हे काय आहे?"

"गणित."

"ह्याचा अर्थ काय?"

"ते... जरा अवघड आहे."

"बघ! तूसुद्धा लगेच सांगत नाहीस."

तीन प्रती चार दिवसांत बांधून झाल्या. काका त्या दुकानात जायचे थांबले नाहीत. दर शनिवारी दुपारी तिथे चारपाच जण जमत, आपापलं लिहिलेलं आणत, आणि बाइंडर त्यावर सुरी चालवत असे. सगळे त्याला उस्ताद म्हणत. काकांनी कापलेल्या पट्ट्यांवर उजवीकडून डावीकडे अक्षरं गिरवली. वर्षभरानं वाचायला लागले, दोन वर्षांनी लिहायला. समीकरणात जी राशी माहीत नसते तिला उर्दू शाळेच्या पुस्तकात जे म्हणतात तेच टोपणनाव उस्तादांनी त्यांना दिलं: 'नामालूम'. काकूंना ते इतकं पटलं की लग्नानंतर कितीतरी महिने त्या फोनवर तेच सांगत, "नामालूम घरी नाहीत. कधी येतील, तेही नामालूम."

पहिला शेर घेऊन गेले त्या दिवसाची गोष्ट काका अजून रंगवून सांगतात. त्यांनी म्हणून दाखवलं:

चाँद मुझसे ख़फ़ा है मुद्दत से
रात भर जागता हूँ मैं तनहा

उस्तादांनी दाभण खाली ठेवलं. "चंद्राला सगळेच त्रास देतात. तूही दिलास, दे. पहिल्या ओळीत काय म्हणालास? चंद्र माझ्यावर रुसलाय. हा झाला दावा. आता दलील दे. पुरावा."

"दुसऱ्या ओळीत आहे की. मी रात्रभर एकटा जागतो."

"तू जागतोस हा तुझ्या झोपेचा पुरावा झाला. चंद्राच्या रुसण्याचा कुठाय? गणितवाला ना तू? हे चालतं तुमच्याकडे?"

काकांचे कान लाल झाले. गणितवाल्याला हे ऐकवायला एक बाइंडर लागला! अकरा दिवस त्यांची बोटं मांडीवर चालत राहिली. बाराव्या दिवशी, शनिवार नसताना, ते दुकानात जाऊन उभे राहिले:

चाँद मुझसे ख़फ़ा है मुद्दत से
मेरी खिड़की पे आके मुड़ता है

माझ्या खिडकीपर्यंत येतो आणि वळून जातो. उस्तादांनी ओळ स्वतःशी एकदा म्हणून बघितली. मग म्हणाले, "आता चंद्र स्वतः साक्षीला आला. बस. चहा पी."

उस्तादांचे आणखी दोन नियम होते. एक, कागदावरून वाचायचं नाही, तोंडी म्हणायचं. जिथे जीभ अडते तिथे ओळ कच्ची असते. आणि दुसरा, भरतीचा शब्द दिसला की उपटायचा. मात्रा भरायला घातलेला, नसला तरी चालेल असा शब्द म्हणजे भरती. "पाहुण्याला जागा नाही आणि खुर्चीवर उशी बसलीय," असं ते म्हणत आणि सुरी चालवत. काका भरती ओळखायला इतके तयार झाले की घरी काकूंनी आणायच्या वस्तूंची यादी दिली तरी त्यातले दोन शब्द खोडून मग बाजारात जात. आणि नेमकी खोडलेलीच वस्तू विसरून येत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढे जे झालं ते ह्याच तालमीतून झालं.

छत्तिसाव्या वर्षी काकांनी एक प्रमेय सिद्ध केलं. एका विशिष्ट घराण्यातल्या सगळ्या जाळ्यांना एक गुण असतोच असतो, असं ते प्रमेय. छापलेला निबंध अकरा पानांचा. परदेशातल्या लोकांनी त्या प्रमेयाला आमच्या आडनावानं ओळखायला सुरुवात केली. आडनाव चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं, पण लिहिलं. आणि एका नामांकित परीक्षकानं पत्रात म्हटलं होतं की ह्या निबंधात एकही शब्द जास्तीचा नाही. काकांनी ते पत्र गणित विभागात कुणाला दाखवलं नाही. उस्तादांना वाचून दाखवलं.

बावीस वर्षं ते प्रमेय खणखणीत उभं होतं. काका अठ्ठावन्नचे झाले. तोवर त्यांच्याकडे आगगाडी आलेली होती.

हे नाव काकूंनी ठेवलं. ती काकांची संशोधन करणारी विद्यार्थिनी. बोलायला लागली की स्टेशनं घेत नसे. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती गणिताकडे वळली होती, आणि घरी अजून त्यावरून टोमणे चालू होते. साडेचार वर्षं काम करून तिचा प्रबंध संपत आला होता. तिसरं, म्हणजे सगळ्यात मोठं प्रकरण काकांच्या प्रमेयावर उभं होतं. महिनाअखेरीला प्रबंध सादर करायचा होता, आणि दुसऱ्या गावच्या एका कॉलेजात तिच्यासाठी शिकवण्याची जागा धरून ठेवली होती. अट एकच, प्रबंध सादर झाल्याचा दाखला हवा.

एका रविवारी सकाळी काका स्वतःच्या शर्टांना इस्त्री करत होते. हे काम ते कुणाला देत नाहीत, कारण त्या वेळात त्यांना तोंडी म्हणता येतं. त्या दिवशी गझल नव्हती. आगगाडीच्या प्रबंधावर मार्गदर्शकाची सही करायची म्हणून ते आपली बावीस वर्षांपूर्वीची सिद्धता पहिल्यापासून म्हणत होते. कागदाशिवाय. एखादं जुनं गाणं गुणगुणावं तशी ती चालली होती. "आता जाळीतला कुठलाही एक ठिपका काढला, तरी उरलेली जाळी त्याच घराण्यातली राहते, हे उघड आहे..."

जीभ अडली.

"अहो, कॉलर!" काकू ओरडल्या. "जळतेय कॉलर!"

"उघड का आहे?" काका म्हणाले.

"उघडच आहे! इस्त्री तिथेच धरलीत!"

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात त्या निबंधाचा कच्चा खर्डा होता. सहाव्या पानानंतर दीड पान तिरप्या रेघेनं खोडलेलं. ठिपका सात प्रकारचा असू शकतो, आणि प्रत्येक प्रकारात जाळी घराण्यातच राहते हे त्या दीड पानात एकेक करून तपासलं होतं. कंटाळवाणं, ठेचकाळणारं, रूक्ष. समासात छत्तीस वर्षांच्या काकांच्या ऐटबाज अक्षरात एकच शब्द होता: 'भरती'. आणि ते सगळं गाळून त्याजागी घातलं होतं, 'हे उघड आहे'.

पण खरी ग्यानबाची मेख पुढेच होती. खोडलेल्या मजकुरातही सहा प्रकारच तपासले होते. सातव्यापुढे लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणेच'. दीड पान छापायला गेलं असतं तर कुणा ना कुणा परीक्षकानं त्या शब्दावर बोट ठेवलं असतं. छापलेल्या निबंधात बोट ठेवायला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत काकांनी सातव्या प्रकारची एक जाळी काढली. एकोणीस ठिपक्यांची. एक ठिपका काढला की ती घराण्याबाहेर जात होती.

प्रमेय खोटं ठरलं का? नाही. खरं राहिलं का? तेही नाही. सिद्धता गेली होती, एवढंच. काकांना आता फक्त एवढं माहीत होतं की आपल्याला माहीत नाही.

सोमवार-मंगळवार त्यांनी भोक बुजवायचा प्रयत्न केला. बुजलं नाही. बुधवारी आगगाडी घरी आली, तिसरं प्रकरण छापून घेऊन.

"सर, हे बघा, एकशे बारा पानं झाली, आई म्हणते एवढी पानं तर बँकेत दोन दिवसांत भरायचीस, मी म्हटलं ती पानं आणि ही पानं, जाऊ दे, तुम्हाला एक सांगू? दुसरं प्रकरण मी दहा वेळा तपासलं, पण तिसऱ्याची मला चिंताच नाही, पायाच तुमच्या प्रमेयाचा आहे म्हटल्यावर—"

"स्वल्पविराम बघून घे," काका म्हणाले.

"काय?"

"स्वल्पविराम. दहाव्या पानावर... जास्त झालेत."

ती जेवून गेली. निघताना काकूंनी तिच्या हातात डबा दिला. काकांनी दार लावलं आणि त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली.

शनिवारी ते दुकानात गेले. उस्ताद आता ऐंशीच्या घरातले. शिवणकाम सुटलं होतं, सुरी सुटली नव्हती. बाकीचे अजून यायचे होते. काकांनी डोळे मिटून म्हटलं:

एक हर्फ़-ए-यक़ीन लिक्खा था
उम्र भर उस का बोझ ढोया है

खात्रीचा एक शब्द लिहिला होता. आयुष्यभर त्याचं ओझं वाहिलंय.

"शेर बरा आहे," उस्ताद म्हणाले. "ओघ चांगला. कुठल्या शब्दाबद्दल आहे?"

काकांनी सगळं सांगितलं. जाळी, सात प्रकार, खोडलेलं दीड पान. भरती हा शब्द ऐकून उस्तादांनी चष्मा काढून पुसला.

"कधी कळलं तुला?"

"मागच्या रविवारी."

"मग हे उम्र भर कुठून आलं? बावीस वर्षं तर तू मजेत होतास. त्या शब्दावर मिरवलास. इथे बसून पत्र वाचून दाखवलंस मला. ओझं वाहतोयस सात दिवस! खोटी दलील."

"उस्ताद, शेरात तेवढं—"

"शेरात चालतंय रे. तुझ्यात चालत नाही." उस्ताद पुढे सरकले. "हे सांगायचंय कोणाला?"

"एका मुलीला. विद्यार्थिनीला."

"तिला उर्दू येतं?"

"नाही."

"मग हे कोणासाठी लिहिलंस?"

काकांनी खाली पडलेली कागदाची एक पट्टी उचलून बोटाला गुंडाळली.

"आणि ऐक," उस्ताद जरा खालच्या आवाजात म्हणाले. "भरती काढायला मी शिकवलं तुला. पण मी शेर शिवायला बसलो होतो, प्रोफेसर. प्रबंध फक्त बांधून दिला होता. तुमच्या धंद्यात काय काढायचं आणि काय ठेवायचं, ते मला विचारून का ठरवलंस?"

त्या दिवशी बाकीचे यायच्या आत काका उठले.

रविवारी काकूंना सांगितलं. काकू एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काम करतात. त्या शेंगा सोलत होत्या. सोलत सोलतच ऐकत होत्या.

"झालं सांगून?" त्या म्हणाल्या. "आता मी सांगते. माझ्या हातून एकदा दोन नळ्यांवरची नावं अदलाबदल झाली. रिपोर्ट गेले. संध्याकाळी लक्षात आलं. मी काय केलं असेल?"

"फोन."

"त्याच मिनिटाला. दोन्ही घरी. एका बाईनं मला जे काय ऐकवलं ना, ते मी तुम्हालासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

"अगं, पण इथे कुणाच्या जिवाचा प्रश्न नाही."

"नाही? साडेचार वर्षं घालवलीत तिनं, तो काय मग टाइमपास?" काकूंनी शेंगांचं ताट सरकवलं. "बुधवारी ती पोर माझ्या हातचं जेवून गेली. समोर बसून. आणि तुम्ही तिला स्वल्पविराम सांगितलात?"

"तुला कसं कळलं?"

"भिंत आहे ती, अहो. किल्ला नाही."

सोमवारी सकाळी काकांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि फळ्यावर एकोणीस ठिपके काढले. आगगाडी आली ती बोलतच आली, कुठल्याशा शिक्क्याबद्दल. काकांनी काही न बोलता रेषा जोडायला घेतल्या. बाराव्या-तेराव्या रेषेला तिचं बोलणं मंदावलं. सोळाव्याला थांबलं. काकांनी एक ठिपका बोटानं झाकला.

तिला सांगावं लागलं नाही. ती फळ्याजवळ आली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"म्हणजे तिसरं प्रकरण..."

"हो."

"चौथंसुद्धा. चौथ्यात मी तिसरं वापरलंय."

"हो."

"कुणाला सापडलं हे?"

"मला."

"कधी?"

काका खिडकीच्या सुतळीकडे बघत होते. "कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी."

"म्हणजे... आज धरून नऊ दिवस." ती हळू बोलत होती, तिला असं हळू बोलताना काकांनी कधी ऐकलं नव्हतं. "बुधवारी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी शनिवारभर स्वल्पविराम काढत बसले, सर. पूर्ण दिवस. दोनशे सात काढले."

"मी आधी दुरुस्त करून बघावं म्हटलं, म्हणजे तुला—"

"चूक कुणाचीही होते. त्या चुकीचं मला वाईट वाटत नाहीये. पण तुम्ही मला बसवून ठेवलंत."

ती गेली. पिशवी विसरली, ती न्यायला परत आली, आणि पुन्हा गेली. दोन्ही वेळा दार हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणाले.

त्याच आठवड्यात काकांनी नियतकालिकाला पत्र धाडलं. चार वाक्यं. पहिल्या मसुद्यात पाचवं होतं, फार सुंदर. ते त्यांनी काढलं, आणि ह्या वेळी काढायलाच हवं होतं. छापलेल्या चुकीची जाहीर कबुली द्यायला काकांना फार जड गेलं नाही. जड गेलं ते पुढचं. आगगाडी येईना, फोन उचलेना. म्हणून काकांनी परस्पर त्या दुसऱ्या गावच्या कॉलेजला पत्र लिहिलं, की चूक माझी आहे, जागा वर्षभर धरून ठेवावी. तिला ते कळलं तेव्हा फोन आला. तिचाच.

"माझ्यासाठी शब्द टाका असं मी सांगितलं होतं?"

"नाही, पण—"

"मग आता हेही मला विचारून करायचं नाही? तुम्ही ठरवायचं, मी निस्तरायचं. छान!"

फोन बंद. जागा गेलीच. कॉलेजनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

काकू काकांना एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणजे किती बोलल्या ते समजून घ्या.

दोन महिन्यांनी ती आली. हातात नवं बाड. बसली नाही.

"पूर्ण घराणं जमत नाही. मी सातवा प्रकार ज्यांच्यात येतच नाही अशा जाळ्या वेगळ्या काढल्या. तेवढ्यांसाठी सिद्ध होतंय. माझं माझं, तुमचं प्रमेय न वापरता. त्रेचाळीस प्रकार तपासावे लागतात, दिसायला भयंकर आहे. तुम्ही मार्गदर्शक आहात, तुम्हाला तपासायलाच हवं. म्हणून आले."

"बस ना."

"उभी बरी आहे."

काकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. त्यांची पेन्सिल सवयीनं वर उचलली गेली. "ह्यातले नऊ आणि दहा एकत्र करता येतील, म्हणजे जरा सुटसुटीत..."

ती नुसती बघत राहिली.

"काही नाही," काका म्हणाले. "राहू दे. आहे तसं राहू दे."

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रकार त्यांनी महिनाभर बसून तपासले, प्रत्येकापुढे एक टिंब देत. एकतिसावा चुकला होता. त्यांनी ताबडतोब फोन केला. दुपारचे दोन वाजले होते, ती दंतवैद्याच्या खुर्चीत होती. तिथून अर्धवट तोंडानं ती म्हणाली, "कळलं. बघते." त्या काळातलं त्यांचं सगळं बोलणं असंच. कामापुरतं. ती "सर" म्हणेना. काहीच म्हणेना, वाक्य थेट मधूनच सुरू करायची.

शनिवारी काका दुकानात जात. उस्ताद विचारत, "काही नवं?" काका मान हलवत. जवळजवळ वर्षभर त्यांनी काही लिहिलं नाही, आणि उस्तादांनीही एकदासुद्धा लिही म्हटलं नाही. दुसऱ्यांचं ऐकायला बसायचे. उस्तादांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षात ते पहिल्यांदा चांगलं ऐकायला लागले.

प्रबंध सादर करायच्या आधी ठरलेल्या तारखेनंतर चौदा महिन्यांनी आगगाडीची तोंडी परीक्षा झाली. स्वतःच्याच प्रमेयाचा प्रश्न म्हणून काकांनी परीक्षकांच्या यादीतून आपलं नाव लेखी कळवून काढून घेतलं होतं. ते मागच्या बाकावर, श्रोत्यांत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "मूळ प्रमेय, पूर्ण घराण्यासाठी, खरं आहे का?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

"तुमचा अंदाज?"

"अंदाज आहे. पण तो मी प्रबंधात लिहिलेला नाही, तर इथे कशाला सांगू?"

परीक्षक हसले. मागच्या बाकाकडे बघून म्हणाले, "आणि आपल्याला?"

"मलाही माहीत नाही," काका उभे राहून म्हणाले.

मग सगळ्यांना बाहेर काढून परीक्षक आत बोलत बसले. व्हरांड्यात एक लांब बाक होतं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला काका. मध्ये तिघे बसतील एवढी जागा.

"एक विचारू?" ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "त्या नऊ दिवसांत मला फोन करावासाच वाटला नाही?"

"रोज वाटला. रोज सकाळी नंबर काढायचो."

"मग?"

"म्हटलं, तू कामात असशील. मध्येच कशाला."

"हे कारण आहे?"

"नाही. भीती वाटत होती."

"नाव जाईल म्हणून?"

"त्याची वाटली. दोनेक दिवस. मग वाटायला लागलं की तू मला सर म्हणायची थांबशील."

ती पहिल्यांदा वळून बघायला लागली. "थांबलेच होते मी. वर्ष झालं. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं."

"बोलला नाहीत."

"काय बोलणार? सर म्हण, असं?"

तिला हसू फुटलं की हुंदका, हे काकांना अजून सांगता येत नाही. तेवढ्यात दार उघडून शिपाई बाहेर आला. "मॅडम, अभिनंदन! साहेबांनी सह्यांसाठी बोलावलंय."

ती ताडकन उठली. आईला फोन करायला मोबाइल काढला, मग खिशात टाकला, पेन शोधलं, ते केसांतच खोचलेलं सापडलं, ओढणी सारखी केली, दोन पावलं टाकली आणि परत फिरली. खांद्यावरची लाल पर्स काढून तिनं काकांच्या हातात कोंबली.

"धरा जरा, सर. आत कुठे ठेवू मी ही!"

आणि आत पळाली.

सह्यांना पाऊण तास लागला. व्हरांड्यातून येणारेजाणारे थांबून बघत होते, एकदोघांनी "बसा की" म्हटलंही. पण काका बसले नाहीत. चमचमत्या टिकल्या लावलेली लाल पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून ते दारासमोर ताठ उभे होते. ओठ स्थिर, बोटं स्थिर.